सत्तेचाळीस नंबरचं ताट

सत्तेचाळीस नंबरच्या खाचेत ताटच नव्हतं.

ओलं नाही, कोरडं नाही, नव्हतंच. मी सेहेचाळीसच्या मागे बघितलं, अठ्ठेचाळीसच्या मागे बघितलं, ताटाळ्याखाली वाकूनही बघितलं. तिथे एक वाकडा चमचा आणि कधीची एक वाळकी मिरची पडली होती.

“सुमनमावशी, सत्तेचाळीसचं ताट?”

“काय म्हणतेस? जरा तोंड उघडून बोल गो!” मावशी मेसच्या ओट्यावर पाणी ओतत होत्या.

आज मी दहावीत आहे आणि वर्गात सगळ्यात मोठा आवाज माझा आहे. परवा गॅदरिंगमध्ये माईक बंद पडला तर सरांनी सरळ मलाच पुढे ढकललं. पण तेव्हा मी सहावीत होते, आणि मी ‘हजर’ म्हटलेलं बाईंना ऐकू जायचं नाही म्हणून आठवड्यातून दोनदा तरी माझी गैरहजेरी लागायची. खरंच!

मी मावशींच्या अगदी कानाशी गेले. “सत्तेचाळीस. करुणाताईचं.”

“गावंडेचं होय? ती घेऊन गेली की मघाशी. धुतलंन, पुसलंन, पिशवीत घातलंन. मी म्हटलं, ताट घेऊन कुठं चाललीस? तर म्हणे कल्हई करायला. स्टीलला कल्हई! या कॉलेजात शिकवतात तरी काय!” मावशी पोट धरून हसल्या.

मी नाही हसले. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. माझ्या हातात ती वही होती.

वहीचं सांगते.

माझी आई कृषी विद्यापीठात मृदाशास्त्र शिकवते. म्हणजे माती. (माझं नाव मृण्मयी आहे ते उगीच नाही. सगळे मिनू म्हणतात.) तेव्हा ती मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही होती आणि पहिल्या वर्षाच्या मुलींची सल्लागारही. कुणी कोणते विषय घ्यायचे, कुणाला काय जड जातंय, कुणाची हजेरी कमी पडतेय, हे सगळं तिच्याकडे. बाबा नोकरीला पनवेलला, शनिवारी यायचे. आम्ही दोघी वसतिगृहालाच लागून असलेल्या क्वार्टरमध्ये राहायचो.

त्याच्या आदल्या वर्षी शैलजा नावाची एक मुलगी गुपचूप घरी निघून गेली होती. चार दिवस कुणाला पत्ताच नाही. खोलीतल्या मुलींना वाटलं मामाकडे गेली असेल, मास्तरांना वाटलं आजारी असेल. ती घरी सुखरूप होती, पण परत काही आली नाही. शिक्षण संपलंच तिचं. आई तिच्या घरी जाऊन आली. मग तिनं मेसमधलं ताटाळं रंगवून घेतलं आणि प्रत्येक खाचेला नंबर दिला. चौऱ्याऐंशी मुली, चौऱ्याऐंशी खाचा. प्रत्येकीनं आपलं ताट घरून आणायचं, जेवल्यावर स्वतः धुवायचं आणि आपल्याच खाचेत ठेवायचं.

“कॉलेज सोडणारी मुलगी त्या दिवशी सोडत नाही,” आई म्हणायची. “आधी ती जेवण सोडते.”

माझी शाळा सकाळची. साडेबाराला घरी, आणि दोन वाजता माझी ड्यूटी. ताटाळ्यापुढून चालत जायचं आणि कोणती ताटं कोरडी आहेत ते वहीत लिहायचं. कोरडं ताट म्हणजे ती मुलगी जेवली नाही. एक दिवस कोरडं, तर आई संध्याकाळी सहज खोलीत डोकावायची. दोन दिवस, तर चहाला बोलवायची. सलग तीन दिवस, तर घरी फोन.

कोरड्या ताटांचे आकडे लिहायचे. सगळी ओली असली की लिहायचं, ‘सर्व ओली.’

आणि मी सोळा दिवस ‘सर्व ओली’ लिहीत होते, ते खोटं होतं.

करुणाताई अकोल्याकडची. प्रवेशाच्या यादीत तिला इथलं कॉलेज मिळालं आणि ती रात्रभर गाडीत बसून एकदम कोकणात येऊन पडली. तिच्या ताटावर तिचं नाव नव्हतं, तिच्या आईचं होतं. कडेला कोरलेलं, ‘कु. मंदा हिच्या लग्नात मामाकडून भेट’. मुली त्यावरून चिडवायच्या, “मंदाताई, लग्नाला बोलावलं नाही आम्हाला!” ती पण हसायची.

प्लॉटचं मात्र तिला हसता आलं नाही.

पहिल्या वर्षाच्या प्रत्येक मुलामुलीला कॉलेजच्या शेतावर एक लहानसा प्लॉट देतात. नावाची पाटी लावलेला. त्यात स्वतः पेरायचं, स्वतः वाढवायचं, त्याचे मार्क सावंत सर देतात. त्या वर्षी सगळ्यांना वाल होता. करुणाताईनं घरच्यासारखं केलं. सुरुवातीला भरपूर पाणी दिलं आणि मग आठ दिवस बघितलंच नाही. काळ्या जमिनीत चालतं ते. आमच्या तांबड्या, खडीच्या जमिनीतून पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी खाली निघून जातं. शेतकऱ्याची मुलगी ती, आणि सगळ्या बॅचमध्ये तिचाच प्लॉट करपला! आजूबाजूला हिरवं आणि मध्ये एक तांबडा चौकोन, त्यात पाटी, ‘करुणा गावंडे’. मुलांनी तिचं नाव ‘वाळवंट’ ठेवलं. ती त्या तासांना जायचीच बंद झाली.

एक डिसेंबरला, सोमवारी, मला तिचं ताट पहिल्यांदा कोरडं दिसलं. मी लिहिणार, तेवढ्यात ती मागच्या दारातून आली. हाताला चिखल.

“मिनू, मॅडमले सांगू नको व. पंधरा-वीस दिवस.”

“आई विचारेल ना.”

“कायले विचारते? तू ताटावर थोडंसं पाणी मार. झालं.”

“पण तू जेवत का नाहीस?”

“दुपारी शेतावर कोणी नसते,” ती म्हणाली. “मी पुन्हा पेरलं आज. कोणाले दाखवाचं नाही मले. उगवलं तर सांगीन, नाही उगवलं तर कोणाले हासाले काही नाही.”

तिनं माझ्या दोन्ही खांद्यांवर चिखलाचे हात ठेवले.

“तू माही बहीण ना?”

मी हो म्हटलं. तेवढ्यासाठी मी तेव्हा काहीही केलं असतं, कारण त्याआधीच्या महिन्यात तिनं मला ओरडायला शिकवायला घेतलं होतं. त्यांच्याकडे ज्वारीवर पाखरं येतात, मग माचीवर उभं राहून त्यांना हाकलायचं. इथे माकडं. संध्याकाळी ती मला शेताच्या बांधावर उभी करायची आणि स्वतः ‘हूऽऽर्रेऽऽ’ करून अशी आरोळी ठोकायची की पलीकडच्या काजूच्या झाडावरची अख्खी टोळी पळायची. मग माझी पाळी. माझं ‘हुर्रे’ ऐकून एका माकडानं उलट शांतपणे खाली येऊन बघितलं.

“गळ्यातून नाही वं, पोटातून काढ! अन् लाजू नको. माकड काय कोणाले सांगाले जाते?”

तर मी सोळा दिवस सत्तेचाळीस नंबरच्या ताटावर नळ सोडत होते. वर लिहायचे ‘सर्व ओली’, आणि खाली, ओळीच्या अगदी कडेला, पेन्सिलनं एक बारीक ठिपका. का द्यायचे, मलाही सांगता आलं नसतं. पूर्ण खोटं लिहायला हात चालायचा नाही, एवढंच.

आणि त्या सतराव्या दिवशी ताटच गेलं होतं.

मी धावत तिच्या खोलीवर गेले. कॉट रिकामी. गादी गुंडाळलेली. खोलीतली दुसरी मुलगी, तेजल, पायाला नेलपॉलिश लावत होती.

“करुणाताई?”

“स्टँडवर. तीनची गाडी आहे तिची. नोटीस लागली ना सकाळी, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या खाली आहे त्यांची. आठ दिवसांत पालकांना घेऊन या, नाहीतर नाव कमी. तिचं तिसरं नाव.” तेजलनं पायावर फुंकर मारली. “म्हणाली, बाबांना इथे बोलावण्यापेक्षा मीच जाते. मॅडमना सांगू नका म्हणालीय हं. सोमवारी पोस्टानं फॉर्म पाठवणार आहे.”

दोन वाजून सतरा मिनिटं.

आई प्रयोगशाळेत होती. दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल. मी तिथपर्यंत कशी गेले ते आठवत नाही, एक चप्पल वाटेत राहिली एवढं आठवतं. दारातून बघते तर चाळीस एक मुलं, टेबलांवर मातीचे नमुने, आणि कोपऱ्यात ते बाटल्या हलवायचं यंत्र धडधडतंय. आई पाठमोरी, फळ्यावर लिहितेय.

“आई,” मी म्हटलं.

यंत्र धडधडतच होतं.

“आई.”

पुढच्या बाकावरच्या एका मुलानं बघितलं. “मॅडम, छोट्या मॅडम आल्यात.”

मुलं हसली. आईनं अर्धवट वळून बघितलं. “मिनू, पोळी डब्यात आहे. चारला येते मी. जा.” आणि पुन्हा फळ्याकडे वळली.

मला जाता आलं असतं. आई ‘जा’ म्हणालीच होती. उद्या कळलं असतं तिला, आणि वहीत तर ‘सर्व ओली’ असंच लिहिलेलं होतं. सोळा दिवस खोटं बोललेली मुलगी चाळीस जणांसमोर ते कसं सांगणार? माझे कान इतके तापले होते की मला वाटलं सगळ्यांना दिसत असतील. भिंतीवर दोन वाजून पंचवीस मिनिटं.

मी दाराची चौकट धरली आणि पोटातून काढला.

“आऽऽईऽऽऽ!”

एका मुलीच्या हातातली परीक्षानळी पडली. कुणीतरी यंत्र बंद केलं. इतकी शांतता झाली की बाटल्यांतलं पाणी डुचमळताना ऐकू आलं.

“मी खोटं बोलले,” मी म्हटलं, आणि आवाज तसाच मोठा राहिला, तो कमी कसा करायचा तेच मला कळेना. “करुणाताई सोळा दिवस दुपारी जेवली नाहीये. मी तिचं ताट ओलं करत होते. आणि आता ती ताट घेऊन गेली!”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. ताट घेऊन गेली, हे ऐकायला विनोदीच होतं. पण आईच्या चेहऱ्याकडे बघून ते हसू अर्ध्यातच थांबलं. तिनं खडू खाली ठेवला.

“कुठे?”

“स्टँडवर. तीनची गाडी.”

“यंत्र पुन्हा सुरू करा,” आई मुलांना म्हणाली. “वीस मिनिटं झाली की गाळून घ्या. आणि ती काच आधी झाडा.”

स्कूटरवर मी मागे बसले होते, एका पायात चप्पल घालून. उतारावर आईनं स्कूटर हळू केली. मग म्हणाली, “सोळा कशावरून?”

“लिहिलंय.”

“वहीत तर सगळी ओली आहेत. मी रोज बघते.”

“खाली ठिपके आहेत. बारीक.”

स्कूटर जराशी हलली.

गाडी लागलेली होती. इंजिन सुरू. करुणाताई मधल्या रांगेत खिडकीशी, मांडीवर पिशवी, पिशवीतून ताटाची कड बाहेर. आम्हाला बघितल्यावर तिनं आधी माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. मग तोंड खिडकीकडे फिरवलं.

“तू वचन देलं होतं मिनू,” ती खिडकीला म्हणाली.

माझा सगळा आवाज परत पोटात गेला.

आई तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली. जसं काही आपण पण अकोल्याला निघालोय. कंडक्टर आला. “मॅडम, तिकीट?”

“दोन मिनिटं.”

“दोन मिनिटांचं तिकीट नाय आमच्याकडे,” तो म्हणाला, पण पुढे गेला.

“करुणा,” आई म्हणाली, “मी तुला उतर म्हणायला आलेले नाही. प्रवेश रद्द करायचा तुला हक्क आहे. पण त्या फॉर्मवर माझी सही लागते आणि सहीच्या वर ‘कारण’ असा रकाना आहे. काय लिहू?”

“लिवा, नापास.”

“परीक्षा जानेवारीत आहे. आत्ताच कशी नापास?”

“मंग लिवा, हजेरी नाही.”

“का नाही?”

करुणाताईनं मान खाली घातली. तिची मान खूप बारीक झाली होती. मी तिला रोज बघत होते आणि मला ते त्या दिवशी दिसलं.

“ती शेतावर जाते!” मी म्हटलं. “रोज दुपारी. सगळे जेवायला गेले की. तिनं परत पेरलंय, आणि उगवलंय, आई!”

“मिनू, चूप बैस!” करुणाताई एकदम माझ्यावर ओरडली. डोळे भरले होते. “काय कामाचं ते? तारीख गेल्यावर पेरलं मी. सावंत सर बघतील तरी काय त्याच्याकडं? अन् नोटिशीत काय लिवलंय, पालकांना आणा. मॅडम, तुमाले माहीत नाही. आमच्या फाट्यावर माह्या बाबानं फ्लेक्स लावला. हा एवढा. माह्या फोटोसंग. ‘गावाची शान’. त्याच्याखालून ते गाडीत बसतीन अन् इथं येऊन काय आयकतीन? पोरीले वाल नाही उगवता आला?”

“आणि आता तू त्याच फ्लेक्सखाली उतरणार आहेस,” आई म्हणाली.

“मावशीकडं जाईन.”

पुढच्या बाकावरची एक म्हातारी बाई पूर्ण वळून ऐकत होती. “उतर गो बाय,” ती म्हणाली. “नायतर माका तरी खिडकीत बसू दे.”

बाहेर शिट्टी झाली. कंडक्टर परत आला. “मॅडम, आता ठरवा. बसा नायतर उतरा. कंट्रोलर माझ्या नावानं बोंबलतोय.”

आई उठली. मला वाटलं ती आता करुणाताईचा हात धरेल, पिशवी ओढेल, काहीतरी करेल. तिनं काहीच केलं नाही. माझ्या पाठीला हात लावून मला दाराकडे वळवलं. मी पायरीवर उतरले, ती माझ्यामागे, आणि पायरीवरून तिनं मागे बघून विचारलं, अगदी वर्गात विचारते तसं,

“आज पाणी दिलंस?”

“काय?”

“वालाला. आज शुक्रवार. पाणी दिलंस का?”

“नाही,” करुणाताई म्हणाली. “सकाळी नोटीस पाह्यली अन्…”

“मग उद्या दुपारी माना टाकतील. ही काळी जमीन नाही.”

आणि आई उतरली.

कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. गाडी मागे गेली, वळली, स्टँडच्या फाटकाकडे निघाली. मी आईकडे बघितलं. तिची नजर गाडीच्या मागच्या काचेवर होती, आणि तिनं माझा हात धरला होता तो इतका घट्ट की दुखत होता. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर दिसेनाशी झाली.

“आई, गेली ती!”

“हं.”

“तू तिला सांगितलं का नाहीस, थांब म्हणून?”

“सांगून थांबलेली मुलगी पुढच्या महिन्यात जाते,” आई म्हणाली.

आम्ही तिथे उभ्याच होतो. एक मिनिट? पाच? मला वाटतं, त्या दिवसाइतका वेळ मी कधीच कुठे उभी राहिलेली नाही. मग कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या मागून आधी ती पिशवी आली, तिच्यातून बाहेर आलेली ताटाची कड उन्हात अशी चमकली की डोळे दिपले, आणि मग करुणाताई. रडत होती आणि भांडत पण होती.

“दोन बादल्या लागतात,” ती लांबूनच म्हणाली. “त्याईच्यासाठी उतरली मी. तुमच्यासाठी नाही. मिनूसाठी तर बिलकूल नाही!”

“चालेल,” आई म्हणाली. “बस मागे.”

स्कूटरवर तिघी. मी पुढे उभी.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही शेतावर होतो, आणि समोर सावंत सर. पांढरी टोपी, हातात छडीसारखी एक काठी, मुलं त्यांना जाम टरकायची. आईनं सगळं सांगितलं. मग वही पुढे केली.

“हे काय? कुणाची हजेरी?”

“हजेरी नाही, सर. मुली जेवल्या का त्याची वही आहे. हे ठिपके बघा. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशी दुपारी गावंडे मेसमध्ये नव्हती. इथे होती.”

“कुणी दिले ठिपके?”

“मी,” मी म्हटलं.

सरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “मॅडम, विद्यापीठ आहे हे. सहावीतल्या पोरीच्या ठिपक्यांवर मी हजेरी देऊ?”

“ठिपक्यांवर नका देऊ,” आई म्हणाली. “प्लॉट बघा.”

सर नाखुशीनं वाफ्यात उतरले. उकिडवे बसले. एक रोप दोन बोटांत धरलं, दुसरं धरलं. मग टोपी मागे सारली. करुणाताई बांधावर उभी होती, माझ्यापासून मुद्दाम चार हात लांब. कालपासून ती माझ्याशी बोलली नव्हती.

“पेरणी?” सरांनी मान वर न करता विचारलं.

“एक डिसेंबर, सर.”

“उगवण?”

“सातव्या दिवशी.”

“दोन पानं पूर्ण, तिसरं उघडतंय,” सर स्वतःशीच म्हणाले. “एकोणीस दिवस. बरोबर.” त्यांनी वही मागितली. बोटानं ठिपके मोजले. आठ दिवसांच्या पानावर, मग पुढच्या. “रविवार दिसत नाहीत.”

“रविवारी सकाळी येत होती, सर. जेवाच्या आधी. तवा ताट ओलंच राह्यचं.”

“पाणी किती?”

“दोन बादल्या, रोज. पयले मी आठ दिवसांनं देत होती. आमच्या घरी तसंच देतात.”

“मग मला का नाही विचारलंस? मी इथे कशाला आहे?”

आईनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग करुणाताई म्हणाली, “सगळे हासत होते, सर. अन् तुमी बी हासले होते.”

मला वाटलं, संपलं. आता काठी आपटणार. सरांनी बोटांतलं रोप हळूच सोडलं.

“हासलो होतो,” ते म्हणाले.

उठले, हात झाडले. “हजेरी मला देता येणार नाही, मॅडम. बॅच नसताना केलेलं काम हजेरीत धरत नाहीत, नियम आहे.” आईचा चेहरा पडला. “भरपाईची प्रात्यक्षिकं मात्र देता येतात. रोज सकाळी साडेसहा. नाताळच्या सुट्टीत पण. एक दिवस चुकला तर मी काही ऐकणार नाही. जमेल?”

“हाव, सर.”

“आणि पालकांना बोलवायची गरज मला वाटत नाही. तसं लिहून देतो.” त्यांनी खिशातून पेन काढलं, पण कागद नव्हता. मग माझ्याच वहीत, सोळाव्या ठिपक्याखाली, त्यांनी लिहिलं, ‘प्लॉट पाहिला. काम झालेले आहे.’ आणि सही केली.

वही परत देताना मला म्हणाले, “ठिपके जरा मोठे काढत जा. चष्मा लावावा लागतो.”

ती वही माझ्याकडे राहिली नाही. त्याच दुपारी दोनला मी पेन्सिल घेऊन निघाले, तर आई दारात उभी. “आजपासून ताटं मी बघीन.”

“पण आई, मी सांगितलं ना तुला! सगळ्यांसमोर!”

“सांगितलंस. म्हणून ती आहे इथे.” आईनं वही हातात घेतली. “आणि सोळा दिवस मी झोपायच्या आधी हे वाचत होते, मिनू. ‘सर्व ओली’. वाचून शांत झोपत होते.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मी क्वार्टरच्या मागे बसून इतकी रडले की सुमनमावशी तांदळाची भाकरी घेऊन आल्या. मग मागून कुणीतरी आलं, आणि चिखलाचे दोन हात माझ्या खांद्यांवर पडले.

“चाल,” करुणाताई म्हणाली. “माकडं आले शेतावर. तुह्याशिवाय कोण हाकलन?”

वही मला जूनमध्ये मिळाली, शाळा सुरू झाली त्या दिवशी. दप्तरात होती, नवी पेन्सिल दोऱ्यानं बांधलेली.

करुणाताई त्या सत्रात एका विषयात राहिली, इंग्रजीत. वालाला तिला पन्नासपैकी एकतीस मिळाले. इंग्रजी तिनं पुढच्या वर्षी काढलं. यंदा मे महिन्यात चार वर्षं पूर्ण झाली आणि तिचे बाबा तिला न्यायला आले. पांढऱ्या कपड्यातले, एकदम कमी बोलणारे. माझी ओळख करून दिल्यावर म्हणाले, “हीच का ते आवाजवाली?” मला काय सांगू कसं वाटलं!

गाडीत सामान भरून झालं तरी तिचं ताट बाहेरच होतं. मला वाटलं विसरली. मी ते घेऊन फाटकापर्यंत धावले, “करुणाताऽऽई!” असं ओरडत. सगळा कॅम्पस वळला.

“असू दे तुह्याकडंच,” ती खिडकीतून म्हणाली. “माह्या आईलेही सांगितलं.”

ते आता आमच्या स्वयंपाकघरात असतं. कडेला मंदाताईंचं नाव, मामाकडून भेट. मी रोज त्यातच जेवते. परवा गणिताच्या पेपरात वाईट मार्क पडले, तर मी दुपारी काहीच न खाता दार लावून पडून राहिले. चार वाजता आई कॉलेजमधून आली. चपला काढल्या, आधी स्वयंपाकघरात गेली, आणि मग माझं दार वाजलं.